चाळीसपैकी अकरा

निकाल लागला तेव्हा सत्यशीलाबाई खंदारे झरीच्या जिल्हा परिषद शाळेत तिसरीच्या वर्गाला भागाकार शिकवत होत्या. टेबलावर फोन थरथरला. एरवी वर्गात त्या फोनकडे ढुंकूनही बघत नाहीत. त्या दिवशी बघितलं आणि फळ्यावरचा भागाकार अर्ध्यावर लोंबकळत राहिला. एम.ए. इंग्रजी, दुसरं सत्र, ब्रिटिश साहित्य, अंतर्गत गुण चाळीसपैकी अकरा. पुढे शेरा, अनुत्तीर्ण.

"बाई, बाकी किती ऱ्हाते?" पुढच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"गप बसा!" बाई ओरडल्या. विचारणारी मुलगी रडायला लागली. तिची समजूत घालता घालता तास संपला, आणि या सगळ्यात बाईंचा राग कमी व्हायच्या ऐवजी मुरत गेला.

राग यायला कारण होतं. वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी बाईंनी एम.ए.ला नाव घातलं होतं. पहाटे उठून स्वयंपाक, साडेसातला परभणीतल्या कॉलेजात तास, साडेनऊला स्टँडसमोरून जीप आणि दहाच्या आत झरी. साठ मार्कांच्या लेखी पेपरात त्यांना एक्केचाळीस होते. उरलेले चाळीस एका असाइनमेंटवर. ही असाइनमेंट बाईंनी अडीच महिने खपून, जाड फुलस्केप कागदाची वीस पानं भरून, स्वतःच्या हातानं लिहिली होती.

विषय होता एक जुनी इंग्रजी कादंबरी. इंग्लंडातलं एक मोठं घर, त्या घरातल्या माणसांची पत्रं, रुसवेफुगवे, आणि शेवटी दोन लग्नं. बाईंना पहिल्याच वाचनात एक प्रश्न पडला. तो कुठल्याही गाइडात नव्हता. ही माणसं उठताबसता चहा पितात, तर तो करतं कोण? त्यांनी पेन्सिलीनं खुणा करत मोजलं. चारशे पानांत अठ्ठ्याऐंशी वेळा चहा. करणारी मोलकरीण मात्र तीनच ठिकाणी येते, आणि तिला तोंड नाही. लेखिकेनं तिला वाचा दिली नाही, म्हणून ही कादंबरी अर्धीच आहे, असं बाईंनी ठणकावून लिहिलं होतं. इंग्रजीत ठणकावणं सोपं नसतं. तीन ठिकाणी शब्दकोश फाटला होता.

आणि त्याला अकरा!

घरी आल्यावर बाईंनी पर्स सोफ्यावर फेकली. पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक असलेले त्यांचे यजमान, धम्मपाल, पेपर वाचत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "जाऊ दे की. पुढल्या वर्षी परत दे."

"पुढल्या वर्षी सिलॅबस बदलायलाय! हा पेपरच ऱ्हाणार न्हाई! मग नवा पेपर, नवी पुस्तकं, सगळं वर्ष पहिल्यापासून! जाऊ दे म्हणे!"

"मी आपलं सांगायलो."

"सांगू नका."

कॉलेजात शिकणारी लेक रोहिणी मध्येच म्हणाली, "आई, तू हातानं लिहिलीस? आजकाल कोण हातानं लिहितं?" तिच्या आवाजात खरीखुरी कीव होती. ती कीव बाईंना अकरापेक्षा जास्त झोंबली.

आवाज भिंतीपलीकडे गेला असणार, कारण पाच मिनिटांत शेजारच्या कमलबाई वाटी घेऊन साखर मागायला आल्या. कमलबाईंच्या घरी साखर कधीच संपत नाही. कुठे काही घडलं की मात्र वाटी रिकामी होते. "पेढ्याचा पुडा घेऊन जावा," त्यांनी सल्ला दिला. "मास्तर लोकाला गोड लय आवडतंय."

"मी बी मास्तरीणच हाय, कमलबाई."

"म्हणून तर म्हणायले. तुमाला ठाऊकच असंल."

बाईंनी साखर दिली, पण वाटी काठोकाठ भरली नाही.

समोरच्या घरातले व्यंकटराव मात्र या प्रकरणात जीव ओतायला तयार होऊन आले. ते निवृत्त नायब तहसीलदार. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे अर्ज येणं बंद झालं होतं, आणि ती पोकळी ते इतरांचे अर्ज लिहून भरून काढत. "तोंडी बोलायचंच न्हाई, ताई," ते म्हणाले. "तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातंय. लेखी दरखास्त टाका. मी मसुदा करतो. तुमी फक्त सही करा."

बाईंनी सही केली. रागात माणूस काय काय करतो. तीन पानांचा तो अर्ज पूर्ण वाचला नाही, हेही इथंच सांगून टाकलेलं बरं.

दुसऱ्या दिवशी अर्धी रजा टाकून त्या कॉलेजच्या कार्यालयात गेल्या. परीक्षेचं काम बघणारे बालाजी बाबू कॉम्प्युटरकडे बघत म्हणाले, "इंटर्नलचं पुनर्मूल्यांकन नसतंय, मॅडम."

"पुनर्मूल्यांकन नको. पहिलं मूल्यांकन झालं का, एवढंच बघायचंय."

बालाजींनी पहिल्यांदा मान वर केली. असा प्रश्न त्यांच्या खिडकीत आजवर आला नसावा. "त्यासाठी वेगळा फॉर्म लागतो. गेटसमोर झेरॉक्सवाल्याकडं मिळंल."

कॉलेजचा फॉर्म कॉलेजात मिळत नाही, समोरच्या दुकानात मिळतो, यावर बाई तिथेच भांडल्या असत्या. पण दुकानात त्यांना वर्गातली वैष्णवी भेटली. वैष्णवी तेवीस वर्षांची, पालमहून एस.टी.नं येऊनजाऊन शिकणारी, स्वभावानं गोड मुलगी. तिला चाळीसपैकी छत्तीस होते.

"काय लिहिलंस गं तू?" बाईंनी विचारलं.

"मी कुठं लिहिलंय, मॅडम? हितंच तर मिळतंय." वैष्णवीनं काउंटरकडे बोट दाखवलं. तिथे असाइनमेंटचे गठ्ठे विषयवार रचून ठेवले होते. स्पायरल बायंडिंग, वर पारदर्शक कव्हर, पहिल्या पानावर गुलाबाचं चित्र. "फक्त नाव अन् रोल नंबर टाकायचा. माझी अजून एक कॉपी हाय पिशवीत. बगा की."

बाईंनी उभ्याउभ्या चाळली. पहिली सहा पानं कादंबरीच्या लेखिकेचं चरित्र. सातव्या पानापासून इंग्रजी जरा वेगळं वाटलं, म्हणून त्यांनी नीट वाचलं. कपाशीवरची गुलाबी बोंडअळी, तिची अंडी, तिच्या चार अवस्था, आणि फवारणीचं प्रमाण. कुणातरी कृषी पदवीच्या पोराचा प्रकल्प या गठ्ठ्यात मिसळला होता. चार पानं बोंडअळी झाल्यावर अकराव्या पानावर इंग्लंडातलं ते घर परत सुरू होत होतं, जणू मधल्या काळात तिथले लोक कापूस बघायला गेले होते.

"वैष्णवी, हे वाचलंस का?"

"न्हाई मॅडम. का?"

बाईंनी असाइनमेंट मिटून तिच्या हातात परत दिली. त्यांच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या होत्या. चहा करणाऱ्या बाईला अकरा आणि बोंडअळीला छत्तीस!

एव्हाना व्यंकटरावांनी आपलं काम चोख केलं होतं. अर्जाच्या तळाशी 'प्रत माहितीस्तव' असं लिहून त्यांनी पाच कार्यालयांची नावं घातली होती आणि बाईंना त्रास नको म्हणून पाचही प्रती स्वतः रजिस्टरनं पाठवल्या होत्या. शिवाय नोकरीतल्या जुन्या सवयीनं शेवटचं वाक्य पडलं होतं, 'तरी सदर प्रकरणी दोषींवर निलंबनाची कारवाई होणेस विनंती आहे.'

आठवड्याभरात कॉलेजचं उत्तर आलं. प्रकरणाची दखल घेऊन तक्रार निवारण समिती नेमली आहे. समितीत प्राचार्य, विषयाचे प्राध्यापक योगीराज गिराम, आणि त्या दिवशी मोकळे असलेले क्रीडा संचालक. ज्यांच्याविरुद्ध तक्रार तेच समितीत आहेत याची कुणाला अडचण वाटली नव्हती. इंग्रजी कळणारे ते एकटेच होते.

कॉलेजचंच दुसरं पत्र झरीच्या शाळेत गेलं. सदर विद्यार्थिनी शासकीय सेवेत असल्याचं कळतं, तरी तिनं शिक्षणासाठी कार्यालयाची परवानगी घेतली होती काय, याचा खुलासा व्हावा.

मुख्याध्यापकांनी बाईंना ऑफिसात बोलावलं. "बाई, तुमची परवानगी फायलीत सापडंना झालीय."

"सर, तुमच्याच सहीची हाय. गेल्या वर्षी पेढे वाटले होते मी."

"पेढे आठवायलेत. कागद आठवंना."

शुक्रवारपर्यंत कागद दिला नाही तर नोटीस निघणार होती. त्या संध्याकाळी खंदाऱ्यांच्या घरातली सगळी कपाटं उपसली गेली. रोहिणीचा पाचवीचा दाखला सापडला, गॅसची जुनी पुस्तकं सापडली, धम्मपालरावांनी लग्नाआधी लिहिलेलं आणि न पाठवलेलं एक पत्र सापडलं. परवानगी शेवटी इंग्रजी शब्दकोशातच निघाली. 'पी'च्या पानात, बाईंनीच नीट ठेवलेली.

आजवर शांत असलेले धम्मपालराव कागद हातात घेऊन एकदम भडकले. "मार्क विचारले तर नोकरीवर येतात का हे? सत्यशीला, आता सोडायचं न्हाई! मी येतो तुझ्यासंग." मग गावाहून बाईंच्या मामांचा फोन आला. ते म्हणाले, जात बघून आपल्या माणसाला मुद्दाम पाडलंय, तसाच अर्ज करा. बाईंनी बराच वेळ विचार केला. असं होतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. शाळेपासून त्यांनी ते भोगलेलं होतं. पण इथं त्यांचं मन साक्ष देईना. "मामा," त्या म्हणाल्या, "वाचून पाडलं असतं तर तसं म्हणता आलं असतं. हितं वाचलंच न्हाई. माझं नाव बी बघितलं नसंल त्यानं."

समितीची बैठक गुरुवारी अकराला होती. ती बाराला सुरू झाली, कारण असाइनमेंट सापडत नव्हती. इंग्रजी विभागाचं कपाट, परीक्षा विभागाची खोली, जिन्याखालचे गठ्ठे, सगळं झालं. गुलाबाच्या चित्राच्या एकशे एकोणचाळीस असाइनमेंट मिळाल्या. एकशे चाळिसावी नव्हती. शेवटी कॉलेजच्या शिपाई सरजाबाईंनी पदर तोंडाला लावून विचारलं, "ते जाड कागदाचं, हातानं लिव्हलेलं का? ते कूलरखाली हाय."

"कूलरखाली?"

"एक पाय बुटका हाय, साहेब. हालायला लागला की पानी सांडतंय. ते बाकीचे पातळ हायेत, त्यानं उंची येईना."

सरजाबाईंनी कूलर तिरपा करून ती काढून आणली. खालची चार पानं ओली होऊन फुगली होती. मधोमध कूलरच्या पायाचा गोल ठसा उमटला होता, एखाद्या कार्यालयाच्या शिक्क्यासारखा. बाईंनी तो ठसा बघितला. त्यांना वाटलं होतं, आपण इथं ओरडू. तसं झालं नाही. डोळ्यांत पाणी येऊ लागलं तेव्हा त्यांना स्वतःचाच संताप आला, आणि त्या संतापातच त्यांनी विचारलं,

"अकरा कुठून आणले, सर?"

प्रा. गिराम बावन्न वर्षांचे, किडकिडीत, कपाळावर चष्मा ढकलून बसणारे गृहस्थ. ते व्यंकटरावांच्या अर्जातल्या 'निलंबना'वर बोट ठेवून बसले होते. "बाई, विभागात चार जागा आहेत. तीन रिकाम्या. बी.ए., एम.ए., सगळे तास मी एकटा घेतो. वर तपासणी समितीच्या फायली. मार्क भरायची शेवटची तारीख, आणि एकशे चाळीस असाइनमेंट—"

"अकरा कुठून आणले?"

गिरामसरांनी अर्जावरचं बोट उचललं. मग हळू म्हणाले, "बायंडिंग असलेल्यांना चौतीस ते छत्तीस दिले. तुमची स्टेपल केलेली होती. हातानं लिहिलेली. मला वाटलं, शेवटच्या दिवशी घाईत काहीतरी खरडून दिलंय."

"अडीच महिने!" बाई टेबलावर हात आपटून म्हणाल्या. क्रीडा संचालकांच्या गळ्यातली शिट्टी हलली. "अडीच महिने लिहिलं मी! अन् तुमी ज्याला छत्तीस दिले त्यात बोंडअळी हाय! चार पानं बोंडअळी!"

प्राचार्य सावरून बसले. "हे गंभीर आहे. कोण विद्यार्थी? नाव सांगा."

नाव बाईंच्या ओठावर आलं होतं. पालमची एस.टी., ती पिशवी, 'न्हाई मॅडम, का?' असं विचारणारा तो चेहरा त्यांना दिसला. "मी न्हाई सांगणार," त्या म्हणाल्या. "तुमी मास्तर हायेत. वाचा, म्हणजे सापडंल."

प्राचार्यांनी घड्याळ बघितलं आणि समंजस आवाज काढला. "असं करू. तीस देऊन टाकू. पोर्टल परवापर्यंत उघडं आहे. तुम्ही अर्ज मागे घ्या, आम्ही शाळेला पत्र देतो. विषय संपला."

दाराशी उभे असलेले धम्मपालराव जोरात मान हलवत होते, घे, घे.

"तीस कशाचे?" बाईंनी विचारलं. "अकरा न वाचता, तीस बी न वाचता? मला भीक घालायलेत का तुमी? सर, वाचा. आत्ता. माझ्यासमोर. मग एक द्यायचा तर एक द्या."

गिरामसरांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. ओली पानं एकमेकांना चिकटली होती, ती त्यांनी पट्टीनं अलगद सोडवली. आणि ते वाचू लागले.

दहा मिनिटं गेली. क्रीडा संचालकांनी दोनदा जांभई दिली. प्राचार्य एक फोन घ्यायला गेले आणि परत आले. सहाव्या पानावर गिरामसर थोडं हसले. बाईंनी ते बघितलं आणि कुठल्या वाक्याला हसले असतील ते मनात शोधू लागल्या. आठव्या पानावर त्यांनी खिशातून लाल पेन काढलं. एक शब्द दुरुस्त केला. मग समासात काहीतरी लिहिलं. मग मागचं पान उलटून परत पुढे आले. पाऊण तास त्या खोलीत फक्त कूलर डगमगत होता, आणि त्याचं पाणी सांडून प्राचार्यांच्या बुटापर्यंत आलं तरी कुणी उठलं नाही.

"अठ्ठ्याऐंशी मोजलेत तुम्ही?" गिरामसरांनी शेवटी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता. "सव्वीस वर्षं शिकवतोय मी ही कादंबरी. मला कधी सुचलं नाही."

बाई ताठ बसल्या.

"पण तुमचा मुख्य मुद्दाच चुकलाय."

"काय?"

"तुम्ही लिहिता, मोलकरीण एक शब्द बोलत नाही. एकोणिसाव्या प्रकरणात बोलते ती. चांगल्या सात-आठ ओळी बोलते."

"एकोणिसावं प्रकरण न्हाईच त्यात," बाई म्हणाल्या. "ग्रंथालयाच्या प्रतीत अठरानंतर वीस हाय."

"अठरानंतर वीस कसं असंल, मॅडम?" क्रीडा संचालक पहिल्यांदाच बोलले. "मधी एकोणीस येतंय."

तिसरीला अंकगणित शिकवणाऱ्या बाईंचा चेहरा लाल झाला. पानं फाटलेली त्यांनी तेव्हाच बघितली होती. शिलाईला कागदाच्या कडा चिकटलेल्या होत्या. पंधरा-सोळा पानांनी काय बिघडतंय, असं म्हणून त्या पुढे गेल्या होत्या. दुसरी प्रत शोधली नव्हती. आणि त्या फाटक्या पुस्तकावर त्यांनी निकाल लिहिला होता, हिला तोंड नाही.

"तेवीस," गिरामसर म्हणाले, आणि शेवटच्या पानावर लाल आकडा लिहून त्याखाली सही केली. "अठ्ठ्याऐंशीसाठी जास्त दिले असते. पण एकोणीस न वाचता लिहिल्याचे कापले."

"तेवीस?" बाई उभ्या राहिल्या. "तेवीस? वैष्—" त्यांनी जीभ चावली. "बोंडअळीला छत्तीस अन् मला तेवीस?"

"ते छत्तीस मी आज रात्री परत बघणार आहे, बाई. सगळे एकशे एकोणचाळीस. ते माझं मी बघतो. तुमचे तेवीसच."

प्राचार्यांना एवढंच कळलं की सोळाला पास असतं आणि तेवीस हे सोळापेक्षा जास्त आहेत. त्यांनी तत्काळ बालाजींना बोलावून आकडा भरायला सांगितला, शाळेच्या पत्रावर सही ठोकली आणि सगळ्यांना पाणी पाजलं. गिरामसरांनी जाताना कपाटातून आपली स्वतःची प्रत काढून बाईंच्या हातात दिली. बाईंनी ती आभार न मानता घेतली.

रिक्षात धम्मपालराव खुशीत होते. "पास झालीस! आता तरी हास."

"तुमी गप बसा. तीसला मान हलवत होता तुमी."

घरी कमलबाई वाटी घेऊन दारातच उभ्या होत्या आणि व्यंकटराव तेविसाविरुद्ध अपिलाचा मसुदा घेऊन. बाईंनी दोघांच्या मधून आत जाऊन दार लावून घेतलं आणि पुस्तक उघडलं. एकोणिसावं प्रकरण. थंडीची सकाळ, घरात पाहुणे, आणि ती मोलकरीण हातातला ट्रे खाली ठेवून मालकिणीला सांगते की उद्यापासून मी येणार नाही. का येणार नाही, तेही सांगते. आठ ओळी. त्या घरातल्या कुणालाच त्यानंतर काय बोलावं ते सुचत नाही, म्हणून प्रकरण तिथंच संपतं.

बाईंनी त्या आठ ओळी तीनदा वाचल्या. गिरामसर बरोबर होते. गेल्या तीन आठवड्यांत त्यांना अनेक गोष्टींचा राग आला होता, पण एवढा कशाचाच आला नव्हता. त्यांनी रोहिणीला ओरडून कागद मागवले. रोहिणीनं लॅपटॉप पुढे केला, तर तो बाजूला सारला. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात त्यांनी एकवीस असा आकडा घातला आणि लिहायला बसल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला त्या इंग्रजी विभागात पोचल्या तेव्हा गिरामसर खोलीत आधीच होते. डोळे लाल, समोर गुलाबांचा डोंगर, आणि बाजूला वेगळी काढलेली पंधरा-वीस बोंडअळ्यांची चळत. बाईंनी पाच पानं त्यांच्यासमोर ठेवली.

"बाई, मार्क कालच भरले गेले. आता पोर्टलला काही करता येत नाही."

"मला ठाऊक हाय."

"मग?"

"तुमी म्हणला ती बोलते. बरोबर हाय, बोलते. पण ती जे बोलते ते लेखिकेलाच पुढं झेपलं न्हाई, म्हणून विसाव्या प्रकरणात तिचं नावच काढत न्हाई कुणी. ते हितं लिहिलंय." बाईंचा आवाज अजून तापलेलाच होता. "वाचा. अन् चूक असंल तर दाखवा."

तासाची घंटा व्हायला दहा मिनिटं होती. गिरामसरांनी गुलाबांचा ढीग हातानं मागे सारला, लाल पेनचं टोपण काढलं आणि बाईंसाठी खुर्ची ओढली.

"चूक नाही दाखवली," ते म्हणाले, "तर मला सोडू नका."